पीटर कार्टराइट यांचा जीवनपट : कामाच्या नोंदी

८ जून : कामाची हद्द

पीटर कार्टराइट यांचा जन्म १ सप्टेंबर १७८५ रोजी व्हर्जिनियातल्या ॲम्हर्स्ट काउंटीत झाला आणि मृत्यू २५ सप्टेंबर १८७२ रोजी इलिनॉयमधल्या प्लेझंट प्लेन्सजवळ. नव्या मुलखात जाऊन शेती उभी करणारे आणि घोड्यावरून वस्त्या-वस्त्यांवर उपदेश करत फिरणारे मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) उपदेशक. त्यांचा मराठीत एक तक्ता, एक नकाशा आणि भिंतीवर लावायचे चार फलक करायचे आहेत.

त्यांच्यावर जे काही छापून आलंय त्यात उपदेशकाच्या गोष्टी भरभरून आणि शेती एका ओळीत. त्यामुळे माणूस अर्धाच दिसतो. म्हणून तक्त्याची आखणी सुरुवातीलाच ठरवून टाकली : वर्षापुढे मंडळी (म्हणजे चर्च), जमीन आणि घर असे तीन रकाने शेजारी शेजारी, आणि चौथा पुराव्याचा. पुराव्याला दर्जा द्यायचा. त्याच वेळी झालेली नोंद असेल तर अ, खुद्द त्यांनीच पुढे सांगितलेलं असेल तर ब, लोकांच्या तोंडून आलेलं असेल तर क. गावातल्या जुन्या कीर्तनकाराचं किंवा पाळकाचं चरित्र लिहायचं असेल तरी ही आखणी चालेल.

तांत्रिक बाब : एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेत नाही. साधा मजकूर समजतं आणि क्रम लावताना सगळी उलथापालथ होते. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने करा. दिवस माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, १ तारीख टाकू नका. पुढे तीच खरी तारीख म्हणून फिरत राहते.

१३ जून : आत्मचरित्राची छाननी

मुख्य साधन म्हणजे १८५६ मध्ये छापलेलं त्यांचं आत्मचरित्र. स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतं. सोबत यंत्राने काढलेला मजकूर असतो, पण आकड्यांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये : ३ चा ८ होतो, ओळीच्या शेवटी तुटलेली गावांची नावं शोधात सापडत नाहीत. प्रत्येक आकडा पानाच्या चित्रावरून तपासला. वेळ बराच जातो, पण दुसरा इलाज नाही.

पुस्तक निघालं तेव्हा कार्टराइट सत्तरी ओलांडलेले होते आणि सांगत होते पन्नास वर्षांपूर्वीचं. केंटकीतल्या केन रिजची प्रसिद्ध शिबिरसभा ते १८०० ते १८०१ च्या दरम्यान कधीतरी घालतात. ती ऑगस्ट १८०१ मध्ये झाली. म्हणून पुस्तकातल्या घटना खऱ्या धरल्या तरी त्यांचा क्रम ब दर्जाचा. उलट त्याच पुस्तकात मे १८०२ चा त्यांचा परवाना शब्दशः छापलाय. जेसी वॉकर यांच्या सहीचा हा कागद त्यांना मंडळीत बोध करण्याची मुभा देतो. तो त्या वेळचाच दस्तऐवज, म्हणून अ.

शिबिरसभा म्हणजे काय हे फलकावर एका वाक्यात सांगावं लागणार. गाड्या, तंबू, बायकापोरं घेऊन लोक जत्रेसारखे रानात मुक्काम ठोकत आणि लाकडी मचाणांवरून दिवसेंदिवस उपदेश चाले. अशाच एका सभेत १८०१ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांचं मन पालटलं.

१७ जून : मंडळीची इतिवृत्तं

मेथडिस्ट वार्षिक परिषदांची छापील इतिवृत्तं हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. प्रश्नोत्तरांच्या रूपात असतात : उमेदवारीवर कोणाला घेतलं, कोण उमेदवारीवर राहिलं, या वर्षी कोण वारलं, कोणाची नेमणूक कुठे. उपदेशकाचं नाव वर्षावर्षाने शोधत गेलं की नेमणुकांची साखळी हाती येते. कार्टराइट १८०४ मध्ये फिरत्या उपदेशकांत दाखल झाले. १८०६ मध्ये बिशप ॲझबरी यांनी त्यांना डीकन (दीक्षेची पहिली पायरी) केलं, १८०८ मध्ये बिशप मॅकेंड्री यांनी एल्डर (पूर्ण दीक्षा). १८१२ पासून ते प्रिसायडिंग एल्डर, म्हणजे अनेक फेऱ्यांच्या आख्ख्या विभागाचे प्रमुख. (फेरी म्हणजे एका उपदेशकाने हिंडायच्या वस्त्यांचा ठरलेला टापू.) पुढे या पदावरच्या पन्नास वर्षांचा सोहळा १८६९ मध्ये झाला.

घोळ होतो तो इथे. परिषदेचं वर्ष शरदापासून शरदापर्यंत. ‘१८०४’ खालची नेमणूक प्रत्यक्षात १८०५ च्या उन्हाळ्यापर्यंत चालते. जानेवारी-डिसेंबरच्या चौकटीत बसवलं की माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी दिसू लागतो. तक्त्यात ‘१८०४-०५’ असंच लिहिलं, आणि सगळ्या जुन्या ओळी त्याप्रमाणे दुरुस्त केल्या.

मानधन : १८०० पासून फिरत्या उपदेशकाला वर्षाला ८० डॉलर, १८१६ पासून १००. हा आकडा मंडळीने मान्य केलेला, हातात पडलेला नव्हे. पैसे तिमाही वर्गणीतून यायचे आणि गरीब वस्त्यांत वर्गणी जमायचीच नाही. मॅरिएटाहून घरी निघतानाचं त्यांचं वर्णन आहे : घोडा आंधळा झालेला, खोगीर झिजून गेलेलं, लगाम डझनभर वेळा बदललेला, कपड्यांना इतकी ठिगळं की मूळ कापड ओळखू येईना, आणि खिशात ७५ सेंट. घरी पोहोचल्यावर वडिलांनी ताजा घोडा, खोगीर, लगाम, कपडे आणि ४० डॉलर रोख दिले. हा मजकूर पहिल्या फलकावर जसाच्या तसा जाणार. उपदेशकाची घडी पुन्हा बसवली ती शेतकरी बापाने, हे त्यातून आपोआप कळतं.

२२ जून : केंटकी, जमिनीचा कागद सापडत नाही

अमेरिकी सरकारच्या जनरल लँड ऑफिसच्या नोंदी नावाने शोधता येतात. केंटकी निवडून ‘कार्टराइट’ टाकलं की हाती काही लागत नाही, आणि नवखा माणूस समजतो की जमीनच नव्हती. कारण वेगळं आहे. व्हर्जिनिया आणि त्यातून निघालेलं केंटकी इथे संघराज्याची जमीन कधीच नव्हती. वाटप राज्याने केलं. मोजणीही चौकोनी नव्हे, तर झाड, दगड, ओढ्याचं वळण अशा खुणांवरून. हद्दी एकमेकींवर चढायच्या, दावे चालायचे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन यांचे वडील १८१६ मध्ये केंटकी सोडून गेले त्यामागे असलाच जमिनीच्या हक्काचा त्रास होता.

मग कार्टराइट कुटुंब केंटकीत जिथे राहत होतं त्या लोगन काउंटीच्या करयाद्या धरल्या. केंटकीत या १७९२ पासून आहेत. इथे एक सापळा : वडिलांचं नावही पीटर कार्टराइटच. यादीत एकवीस वर्षांवरचे पुरुष असतात आणि हे एकवीस वर्षांचे झाले सप्टेंबर १८०६ मध्ये. तेव्हा १८०६ पर्यंतचा ‘पीटर कार्टराइट’ सरळ वडिलांच्या खात्यावर. त्यापुढच्या नोंदींना दुसरा आधार मिळाल्याशिवाय हात लावला नाही.

जनगणनाही मदत करत नाही. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या मूळ याद्या उरलेल्या नाहीत. त्या शोधत बसू नका.

२७ जून : इलिनॉय, इथे कागद बोलतात

कार्टराइट १८२३ मध्ये सँगमन काउंटी पाहून आले, रिचलँड ओढ्याकाठी एका वसाहतदाराचा हक्क विकत घेतला आणि १८२४ च्या नोव्हेंबरात कुटुंबासह तिथे पोहोचले. केंटकी का सोडलं हे त्यांनीच सांगितलंय : गुलामगिरीपासून सुटायचं होतं, कष्टाला कमीपणा न मानणाऱ्या मुलखात पोरं वाढवायची होती, ती मोठी होतील तशी त्यांना जमीन मिळवून द्यायची होती, आणि जिथे उपदेशक नाही तिथे शुभवर्तमान न्यायचं होतं. जमीन आणि सेवा त्यांच्याच तोंडून एका दमात येतात.

इथे दोन व्यवहार वेगळे ओळखावे लागतात. आधीच्या माणसाकडून घेतलेला ‘हक्क’ म्हणजे त्याने तोडलेलं रान, बांधलेलं खोपट, घातलेलं कुंपण. त्याची सरकारदरबारी नोंद नसते. जमीन सरकारची, ती लिलावानंतर कार्यालयात पैसे भरूनच आपली होते. स्प्रिंगफील्डचं जमीन कार्यालय १८२३ मध्ये उघडलं. म्हणून वस्तीची तारीख, खरेदीची तारीख आणि वॉशिंग्टनहून सुटलेल्या पट्ट्याची (मालकीच्या सनदेची) तारीख या तिन्ही वेगवेगळ्या असू शकतात, आणि पट्टा कधी कधी खूप मागाहून येतो. तक्त्यात तिघींना तीन ओळी.

खरेदीसाठी इलिनॉय राज्य अभिलेखागाराचा जमीनविक्रीचा संग्रह वापरा. त्यात खरेदीदार, एकर, दर, एकूण रक्कम, तारीख आणि गट मिळतो. नाव कार्टराइट, कार्टरिट, कार्टराइट्स अशा सगळ्या संभाव्य स्पेलिंगांनी टाकून पाहावं. कारकून कानाला पडेल तसं लिहीत.

गट वाचायची रीत : टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. पाव सेक्शन १६० एकर, त्याचं अर्धं ८०. सँगमन काउंटीची मोजणी तिसऱ्या मुख्य याम्योत्तर रेखेपासून होते. ही रेखा निवडायची राहिली तर नकाशावरचा ठिपका भलत्याच ठिकाणी पडतो.

आणि आता हिशेब. १८२० च्या कायद्याने जमीन रोखीने, एकरी सव्वा डॉलर, किमान ८० एकर. म्हणजे कमीत कमी १०० डॉलर. उपदेशकाचं कागदावरचं वर्षाचं सगळं मानधन तेवढंच. खाणंपिणं, घोडा, मुलं बाजूला ठेवली आणि मानधन पूर्ण मिळालं असं धरलं तरी एका वर्षात सगळ्यात लहान तुकडा. घर चाललं ते शेतीवर. घर चालत होतं म्हणून ते महिनोन् महिने बाहेर राहू शकले. या कामात मांडायची मुख्य गोष्ट हीच आहे; फलक दोन यावरच.

शेतीच्या रकान्यात मुलखाची माहिती थोडक्यात घातली. सुरुवातीचे वसाहतदार झाडीच्या कडेला बसत, कारण सरपण, कुंपणाचं लाकूड आणि पाणी तिथे. मोकळ्या गवताळ माळाची मुळं इतकी दाट की जमीन फोडायला जड नांगर आणि बैलांच्या अनेक जोड्या लागत. जॉन डिअर यांचा पोलादी फाळाचा नांगर इलिनॉयमध्येच, ग्रँड डिटूर इथे, १८३७ मध्ये तयार झाला. त्याआधीची कार्टराइट यांची बारा-तेरा वर्षं जुन्या अवजारांची. १८३०-३१ चा ‘मोठ्या बर्फाचा हिवाळा’ याच भागातला. तोही घातला.

१ जुलै : सिंथिया

इलिनॉयला येताना वाटेत रानात मुक्काम पडला. एका झाडाच्या बुंध्याशी लहानशी शेकोटी केली. झाड वरून धडधाकट दिसत होतं, आतून कुजलेलं होतं. उजाडता उजाडता ते कोसळलं, झोपलेल्या तिसऱ्या मुलीच्या, सिंथियाच्या अंगावर, डोक्यापासून पायांपर्यंत. मुलगी जागीच गेली. तिला हॅमिल्टन काउंटीत पुरलं आणि गाड्या पुढे हाकल्या.

या मृत्यूचा सरकारी कागद असणं शक्य नाही. १८२४ मध्ये तिथे मृत्यूनोंदणी नव्हती, आणि १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे वयोगटांतले आकडे. बापाने लिहिलं नसतं तर ही मुलगी इतिहासात आलीच नसती. दर्जा ब. पण फलकावर तिचं नाव नेमणुकांच्याच आकाराच्या अक्षरात घ्यायचं ठरलं. रान तोडून वस्ती करायची किंमत काय होती हे दुसऱ्या कशाने इतकं कळत नाही.

५ जुलै : जनगणना आणि फ्रान्सिस

१८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं. त्याच वर्षी शेतीचं वेगळं पत्रकही सुरू झालं, आणि चरित्र लिहिणारे बहुतेक लोक ते उघडतच नाहीत. लागवडीखालची आणि पडीक जमीन, शेताची किंमत, अवजारांची किंमत, घोडे, दुभत्या गायी, कामाचे बैल, मेंढरं, डुकरं, गहू, मका, ओट. रकाना रकाना भरलेला. पीक १ जून १८५० ला संपणाऱ्या वर्षाचं असतं, म्हणजे बहुतांश १८४९ चा हंगाम. वर्षाला १०० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाची शेतं त्यात घेतलेली नाहीत.

पत्रक दोन समोरासमोरच्या पानांवर पसरतं. उजव्या पानावर नावं नसतात, नुसते ओळीचे क्रमांक. पान तिरकं स्कॅन झालेलं असेल तर एक ओळ सरकते आणि शेजाऱ्याचा मका आपल्या माणसाच्या नावावर चढतो. दोन्ही पानं एका चित्रात जोडून, क्रमांकाला क्रमांक लावून मगच आकडे उतरवा.

पती-पत्नींमधली एक बाब तक्ता भरताना डोळ्यांत भरली. फ्रान्सिस गेन्स यांच्याशी लग्न १८ ऑगस्ट १८०८ ला झालं. मुलं नऊ, सात मुली आणि दोन मुलगे. नवरा फेरीवर असताना घर, गुरं आणि पीक फ्रान्सिस आणि मुलांच्या हाती. पण १८५० च्या यादीत व्यवसायाचा रकाना फक्त पंधरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी होता. १८३० आणि १८४० मध्ये त्यांचं नावसुद्धा नाही, एका चौकोनात एक आकडा आहे. ‘घर’ हा रकाना सुरुवातीला ठेवला नसता तर त्या तक्त्यातून निसटल्या असत्या. जमिनीच्या रकान्यातही आता प्रत्येक ठिकाणी दोघांची नावं टाकली आहेत. त्या १८७६ मध्ये वारल्या.

११ जुलै : निवडणुका, आणि बाजूला ठेवलेला किस्सा

कार्टराइट १८२८ आणि १८३२ मध्ये इलिनॉय विधिमंडळावर निवडून आले. १८३२ ला सँगमनमधून चार जागा. कार्टराइट ८१५ मतांनी चौथे, तेवीस वर्षांचे लिंकन ६५७ मतांनी आठवे. पुढे १८४६ ला काँग्रेससाठी समोरासमोर लढत झाली : लिंकन ६,३४०, कार्टराइट ४,८२९.

१८४६ च्या प्रचाराचा एक किस्सा जिकडेतिकडे सापडतो. कार्टराइट सभेत विचारतात, तुम्ही कुठे जाणार, स्वर्गात की नरकात. लिंकन म्हणतात, मी काँग्रेसमध्ये जाणार. त्या काळची नोंद याला नाही. दर्जा क, फलकावर नाही. त्याऐवजी ३१ जुलै १८४६ चं लिंकन यांचं पत्रक घेतलं. धर्मद्रोहाच्या आरोपाला उत्तर देताना आपण कोणत्याही ख्रिस्ती मंडळीचे सभासद नाही हे ते त्यात मान्य करतात आणि धर्माची निंदा कधी केलेली नाही असंही सांगतात. उपदेशक उमेदवारासमोर उभं राहायचं म्हणजे काय, हे यातून पुराव्यानिशी दिसतं.

१५ जुलै : १८५९ चा खटला

जुलै १८५९ मध्ये प्लेझंट प्लेन्सच्या एका औषधाच्या दुकानात झटापट झाली. कार्टराइट यांचा नातू क्विन हॅरिसन याने ग्रीक क्राफ्टन या तरुणाला सुरा मारला. क्राफ्टन दोन दिवसांनी मेला. त्याने लिंकन यांच्या कार्यालयात वकिलीचे धडे घेतले होते. तरीही हॅरिसनचा बचाव केला तो लिंकन यांनीच, आणि साक्षीला उभे राहिले म्हातारे कार्टराइट : मरणाऱ्या क्राफ्टनने आपणच हे ओढवून घेतल्याचं सांगितलं आणि क्विनला क्षमा केली. नातू सुटला.

खटल्याचं लघुलेखन रॉबर्ट हिट यांनी केलं होतं. ती हस्तलिखित प्रत १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथे एका घरात सापडली. त्याआधीच्या चरित्रांत साक्षीचे तपशील आठवणींवर बेतलेले आहेत, म्हणून प्रकाशनवर्ष पाहूनच उचला. साक्षीतली वाक्यं अ दर्जाची : शपथेवर आणि त्याच क्षणी टिपलेली.

२० जुलै : मृत्यूची ओळ

सगळ्यात सोपी वाटणारी ही ओळ जास्त खटपटीची निघाली. मृत्यूचा दाखला मागवण्याच्या फंदात पडू नका. इलिनॉयमध्ये काउंटी पातळीवरची मृत्यूनोंदणी १८७० च्या दशकाच्या शेवटी लागू झाली. जनगणनेबरोबर मृतांची यादी होत असे, पण ती १ जूनच्या मागच्या बारा महिन्यांपुरती. सप्टेंबर १८७२ चा मृत्यू १८७० च्या यादीतही बसत नाही आणि १८८० च्याही नाही.

उरतात चार वाटा : परिषदेच्या इतिवृत्तातला ‘या वर्षी कोण वारलं’ हा प्रश्न आणि त्याखालचा मृत्युलेख, स्थानिक वर्तमानपत्र, काउंटी न्यायालयातली मिळकतीची कागदपत्रं आणि प्लेझंट प्लेन्स दफनभूमीतला दगड. क्रमही हाच ठेवावा. वर्तमानपत्र शोधताना आठवडाभर पुढचे अंक पाहा. दगडाचं छायाचित्र सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढलेलं असेल तर अक्षरं वाचता येतात. कोणी प्रत्यक्ष जाणार असेल तर दगडाला खडू, पीठ, दाढीचा फेस लावू देऊ नका, तारेचा ब्रश तर नाहीच. मऊ संगमरवराचा थरच निघून येतो.

वयाचा पडताळा : १ सप्टेंबर १७८५ ते २५ सप्टेंबर १८७२ म्हणजे ८७ वर्षं २४ दिवस. त्या काळच्या दगडांवर आणि मृत्युलेखांत वय वर्षं-महिने-दिवसांत देत, म्हणून ही वजाबाकी आधीच करून ठेवली की चुकीचा आकडा लगेच पकडता येतो.

कार्टराइट यांनी आत्मचरित्रात स्वतःच्या सेवेचा अंदाज दिलाय, साधारण १४,६०० उपदेश. तो ब दर्जाचाच आणि अंदाज म्हणूनच द्यायचा. त्यांच्या नावाची कार्टराइट टाउनशिप सँगमन काउंटीत आजही आहे. आणि मराठी वाचकासाठी काळाची एक खूण : विल्यम टेलर यांनी मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी केली ती १८७१-७२ मध्येच, कार्टराइट यांच्या अखेरच्या दिवसांत.

२६ जुलै : नकाशा

क्यूजीआयएस या नकाशे करायच्या संगणकप्रणालीत काम केलं. आजच्या काउंटीसीमा वापरल्या की गडबड होते. लिंकन राहत होते ते न्यू सेलम गाव १८३२ मध्ये सँगमनमध्ये होतं; १८३९ ला मेनार्ड काउंटी वेगळी झाली आणि ते तिकडे गेलं. १८३२ ला लिंकन यांना तिथे ३०० पैकी २७७ मतं पडली होती, ती आजच्या नकाशावर परक्या काउंटीत दिसतात. न्यूबेरी ग्रंथालयाने ऐतिहासिक काउंटीसीमांच्या फाइली मोफत दिल्या आहेत. प्रत्येक आकृतीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. १८२४ आणि १८४६ असे दोन थर गाळून घेतले. फेऱ्यांचे मार्ग मात्र रेषेने काढले नाहीत. इतिवृत्तात फेरीचं नाव मिळतं, वाटा मिळत नाहीत, म्हणून नुसता रंगीत पट्टा ठेवला.

३० जुलै : फलकांची छपाई

छपाईवाले युनिकोड मजकूर जुन्या डीटीपी फाँटमध्ये बदलून घेतात, आणि त्यात ‘ॲ’ व ‘ऱ्या’ हमखास फुटतात. ‘शेतकऱ्याचा’ आणि ‘ॲझबरी’ हे दोन शब्द आधी चाचणीला पाठवा. ते नीट उमटले नाहीत तर मजकूर पीडीएफमध्ये आकृत्या करूनच द्यावा. मग शेवटच्या क्षणी दुरुस्ती करता येत नाही, म्हणून आकडे आधी दोघांनी वेगवेगळे तपासावेत. देवनागरी आकड्यांत १ आणि ९, तसंच ५ आणि ६ लहान ठशात फसवतात. तारखा मजकुरापेक्षा एक माप मोठ्या घेतल्या.

बाकी काम : अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून जमीनखरेदीच्या मूळ फाइली मागवणं (याला शुल्क आहे, आतापर्यंतची बाकी सगळी साधनं फुकट मिळाली), आणि १८६० व १८७० ची शेतीपत्रकं १८५० च्या शेजारी बसवणं.